वीस वर्षांनी तोच भाव

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा 'वैद्यकीय विषय शक्यतो टाळावा' अशी सूचना केली, तेव्हा माझी थोडी पंचाईत झाली. बालरोगतज्ज्ञाने लिहायचे म्हणजे लसीकरण, स्तनपान किंवा मुलांचा हट्ट, असे जणू ठरून गेले आहे. परंतु बडोद्यात ज्याचे आयुष्य गेले अशा मराठी माणसाला आणखी एक विषय शेजारधर्माने कानावर पडतोच, तो म्हणजे शेअरबाजार. दांडिया बाजारातील आमच्या घराच्या दोन्ही अंगांना गुजराती कुटुंबे होती. त्यांच्याकडे सकाळचे वर्तमानपत्र मागील पानापासून उघडले जाई, आणि आमचे वडील मात्र आयुष्यभराची बचत पोस्टात ठेवून निश्चिंत असत. या दोन संस्कारांच्या मधल्या भिंतीवर बसून मी वाढलो, असे म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र आपल्या बाजारातील नाही. तो आहे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या, मासेमारीच्या आणि जलविहाराच्या साधनांच्या एका कंपनीच्या शेअरचा. या कंपनीशी माझा संबंध आला तो पुतण्यामुळे, आणि त्या प्रकरणात मी दिलेल्या एका सल्ल्याची टोचणी अजून मनात आहे. म्हणून हा विषय निवडला.

पुतण्या मॅडिसनला असतो. ते सरोवरांचे गाव आहे. सुटीच्या दिवशी होडी घेऊन मेंडोटा सरोवरावर गळ टाकून बसणे हा त्याचा छंद. २०२१ च्या मे महिन्यात त्याचा दूरध्वनी आला. "काका, माझ्या होडीला जी मोटर आहे ना, तिच्या कंपनीचा शेअर घेऊ का? इथे दुकानात मोटर मिळत नाहीये, नंबर लावावा लागतो आहे." भाव तेव्हा १२५ डॉलरच्या आसपास होता. मी संध्याकाळची ओपीडी आटोपून अर्धा तास आकडे पाहिले. कर्ज नाही. शिलकीत रोकड भरपूर. विक्री वाढती. पहिल्या सहामाहीचा नफा पाहता वर्षअखेर शेअरमागे आठ डॉलर सहज मिळतील असे दिसत होते, म्हणजे भाव कमाईच्या जेमतेम पंधरापट. मी त्याला म्हटले, "घे, हरकत नाही. पण दहा वर्षे पाहू नकोस." त्याने चाळीस शेअर घेतले.

पुढील चार वर्षांत त्या शेअरचा भाव २२ डॉलरच्या आसपास आला.

यात कंपनीचा काही दोष नव्हता, हे प्रथमच सांगितले पाहिजे. तिने काही लपविले नव्हते. दोष होता तो वाचणाऱ्याच्या वाचण्यात, आणि तो नेमका कोणता, हे समजून घेण्यासाठी मी नंतर जे वाचले त्याचाच हा गोषवारा आहे.

कंपनीचे नाव जॉन्सन आउटडोअर्स. फरशीला लावायचे मेण आणि घरगुती वापराची रसायने बनवणाऱ्या रसीन गावच्या जॉन्सन घराण्याचीच ही दुसरी शाखा. घराण्याचा मूळ व्यवसाय १८८६ चा. ही कंपनी मात्र १९८७ साली जॉन्सन वर्ल्डवाइड असोसिएट्स या नावाने स्थापन झाली आणि २००० साली तिने आजचे नाव घेतले. १९९९ पासून घराण्याच्या पाचव्या पिढीतील हेलन जॉन्सन-लायपोल्ड या तिच्या प्रमुख आहेत. शेअर दोन प्रकारचे आहेत. सामान्य गुंतवणूकदारांकडे 'अ' वर्गाचे, एका शेअरला एक मत. घराण्याकडे प्रामुख्याने 'ब' वर्गाचे, एका शेअरला दहा मते. संचालकांपैकी तीनचतुर्थांश 'ब' वर्ग निवडतो. म्हणजे कुटुंबात आजोबांचा शब्द चालावा तसा हा कारभार. त्याचे बरे-वाईट दोन्ही परिणाम होतात.

मिन कोटा ही होडीची विजेरी मोटर हा कंपनीचा कणा. गळ टाकताना मुख्य इंजिनाच्या आवाजाने मासे दूर पळतात. त्यामुळे बॅटरीवर चालणारी, आवाज न करणारी ही लहान मोटर होडीच्या टोकाला लावतात. मिनेसोटा आणि डकोटा या दोन राज्यांच्या नावांतून हे नाव जुळवले आहे आणि उत्पादन १९३४ पासूनचे आहे. ध्वनिलहरींनी पाण्याखालचे मासे आणि तळ दाखवणारे हमिनबर्ड हे यंत्र कंपनीने २००४ साली विकत घेतले. (आपल्या सोनोग्राफीचेच हे भावंड, तत्त्व अगदी तेच.) याशिवाय ओल्ड टाउन या डोंग्या, स्कूबाप्रो ही पाणबुड्यांची साधने आणि २०१२ मध्ये घेतलेली जेटबॉइल ही गिर्यारोहकांची चूल. या साऱ्या वस्तू टिकाऊ आहेत, नीट वापरल्या तर दहा-पंधरा वर्षे चालतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडेल.

आता शेअरचा इतिहास. २००४ साली घराण्यानेच प्रस्ताव मांडला की बाहेरच्या भागधारकांचे सर्व शेअर आम्ही २०.१० डॉलर दराने घेतो आणि कंपनी बाजारातून काढून घेतो. २००५ च्या मार्चमध्ये मतदान झाले आणि आवश्यक तेवढी मते न पडल्याने प्रस्ताव बारगळला. भागधारकांना तो भाव कमी वाटला होता. पुढे २००८ ची मंदी आली. त्या वर्षी कंपनीने सुमारे ४२ कोटी डॉलरच्या विक्रीवर सात कोटींचा तोटा दाखविला, आणि २००९ च्या मार्चमध्ये शेअर चार-पाच डॉलरवर आला. तेथून चढण सुरू झाली ती बारा वर्षे टिकली. २०१३ मध्ये तिमाही लाभांश सुरू झाला. २०२१ च्या वसंतात भाव १५० डॉलरच्या आसपास पोचला. मग उतरण लागली, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये तो पुन्हा २० ते २५ डॉलरच्या पट्ट्यात होता. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात तो चाळिशीपर्यंत सावरला.

आता प्रश्न असा की या शेअरचा 'दीर्घकालीन परतावा' किती? २००९ च्या मार्चमध्ये घेऊन २०२१ मध्ये मोजला तर सुमारे तेहेतीसपट, म्हणजे बारा वर्षे दरसाल शेकडा ३४ चक्रवाढीने. २००५ मध्ये घराण्याने देऊ केलेल्या भावाने घेऊन २०२१ मध्ये मोजला तर दरसाल साडेतेरा. २००९ ते २०२५ एप्रिल मोजला तर दरसाल दहाच्या आसपास. आणि २००५ ते २०२५ एप्रिल मोजला तर शून्य! वीस वर्षांनी तोच भाव. मधल्या काळातील लाभांश धरला तरी शेअरमागे एकेरी आकड्यातले डॉलर हाती येतात. याच वीस वर्षांत अमेरिकेतील पाचशे मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक १२०० च्या आसपासून, एप्रिल २०२५ च्या पडझडीतसुद्धा, ५००० च्या आसपास होता.

कंपनी तीच आहे आणि आकडेही सर्व खरे आहेत. तरी उत्तर शून्यापासून चौतिसापर्यंत कुठलेही येते.

आपल्यापैकी जे बालरोगतज्ज्ञ आहेत त्यांना हा प्रकार नवा नाही. समजा, एखादे नऊ महिन्यांचे मूल तीव्र अतिसारातून उठल्यावर प्रथम आपल्याकडे आले आणि ते पहिले वजन तक्त्यावर मांडले. पुढील तीन महिन्यांत ते मूल इतक्या वेगाने भरून येते की आईला वाटते, डॉक्टरांच्या टॉनिकने चमत्कार केला. वस्तुतः ते फक्त आपल्या मूळ रेषेवर परत येत असते. २००९ चा प्रारंभबिंदू हा असा आहे. याच्या उलट, क्वाशिओरकोरच्या मुलाचे सुजेच्या दिवशी घेतलेले वजन पाहावे. काटा समाधानकारक आकडा दाखवतो, पण तो पाण्याचा आकडा असतो. उपचार लागू पडू लागले की प्रथम वजन घटते. २०२१ चे १५० डॉलर हे सुजेचे वजन होते. जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे वाढीचे तक्ते आपण निवासी डॉक्टरांना शिकवतो तेव्हा पहिला धडा हाच देतो की एका बिंदूवरून निदान करू नये आणि दोन बिंदूंवरून तर मुळीच करू नये, कारण दोन बिंदू जोडले की रेषा तयार होते आणि रेषा फार आत्मविश्वासाने बोलते. दुसऱ्यांना शिकवलेला हा धडा शेअर पाहताना मी सोयीस्करपणे विसरलो.

सूज कशी आली, ते आता पाहू. कोविडच्या काळात २०२० च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेत चित्रपटगृहे, विमानप्रवास, हॉटेले सारे ठप्प होते आणि सरकारने घरोघरी पैसे पाठविले होते. उघड्यावर, चारचौघांपासून दूर करता येण्यासारखे जे जे होते त्याला बहर आला. सायकली, तंबू, होड्या, गळ, सगळेच संपले. जॉन्सन आउटडोअर्सची विक्री सप्टेंबरअखेर संपणाऱ्या २०१९ च्या वर्षात ५६ कोटी डॉलर होती, ती २०२१ मध्ये ७५ कोटींवर गेली. नफा पाच कोटींवरून आठ कोटी तेहेतीस लाखांवर.

पण मोटर टिकाऊ असते, हे मघाशी सांगितले आहेच. ज्याला २०२३ किंवा २०२५ मध्ये मोटर बदलायची होती त्याने ती २०२० मध्येच बदलली. तो गिऱ्हाईक नवा नव्हता. त्याने आपला नंबर केवळ पुढे घेतला होता. आपल्या व्यवसायात याच वेळी नेमके उलटे घडले. २०२०-२१ मध्ये आपल्या ओपीडी ओस पडल्या, मुले घरात राहिली, सर्दी-खोकल्याचे विषाणू त्यांना भेटलेच नाहीत, आणि शाळा उघडल्यावर २०२२ मध्ये दोन वर्षांची सर्दी एकदम आली. आपली मागणी मागे ढकलली गेली होती, त्यांची पुढे ओढली गेली होती. त्या दिवसांत कोणी माझ्या ओस पडलेल्या ओपीडीवरून माझ्या पुढील वीस वर्षांच्या प्राप्तीचे गणित मांडले असते, तर मी त्याला हसलो असतो. पुतण्याला सल्ला देताना मात्र मी तेच केले, फक्त उलट्या दिशेने.

दुसरी गोष्ट मालाच्या साठ्याची. मागणी वाढली आणि त्याच वेळी जगभर इलेक्ट्रॉनिक चिपांचा तुटवडा पडला. दहा मागितले तर पाच मिळतात असे दिसल्यावर दुकानदार वीस मागू लागतो. (औषधांच्या टंचाईत आपले केमिस्टही हेच करतात, आणि आपणही इंजेक्शने जरा अधिकच भरून ठेवतो.) कंपनीने या फुगलेल्या मागणीनुसार सुटे भाग भरले. साठा २०२१ च्या अखेरीस सुमारे पावणेसतरा कोटी डॉलरचा होता, तो दोन वर्षांत सव्वीस कोटींवर गेला, आणि तोवर दुकानदारांची कपाटे भरलेली होती. मग सवलती सुरू झाल्या. विक्रीतून मालाचा खर्च वजा जाता उरणारे प्रमाण २०२१ मध्ये शेकडा ४४ होते, ते २०२४ मध्ये ३४ वर आले.

ज्यांचे स्वतःचे नर्सिंग होम आहे त्यांना पुढची पायरी सांगायला नको. वीस खाटांपैकी सोळा भरलेल्या असताना चांगले उरते. बारा भरल्या की पगार, वीज आणि बँकेचा हप्ता तेवढाच राहतो आणि उरत काहीच नाही. खाटा चतुर्थांशाने घटल्या तर उत्पन्न चतुर्थांशाने घटते, परंतु नफा नाहीसा होतो. जॉन्सन आउटडोअर्सची विक्री २०२१ ते २०२४ या काळात शेकडा २१ ने घटून ५९ कोटींवर आली. ही रक्कम कोविडपूर्वीच्या २०१९ पेक्षाही थोडी अधिकच होती. तरी ८.३ कोटींच्या नफ्याच्या जागी २.६५ कोटींचा तोटा झाला, कारण मधल्या काळात खर्चाची पातळी मोठ्या विक्रीच्या मापाने बेतली गेली होती. २०२५ मध्ये विक्री जवळजवळ तेवढीच राहिली आणि तोटा तीन कोटींच्या वर गेला.

आता माझ्या चुकीकडे येतो. मी पाहिले होते की भाव कमाईच्या पंधरापट आहे, म्हणजे महाग नाही. पण भागाकारात खालचा आकडा कोणता घेतला? तापात मोजलेल्या नाडीसारखा, बहराच्या वर्षातला. २०१९ च्या सामान्य वर्षाची कमाई शेअरमागे पाच डॉलरच्या आसपास होती. तिने भागले असते तर पंचवीसपट आले असते, आणि मी निदान थांबून विचार केला असता. ज्या धंद्याला चढउतार आहेत त्याचा शेअर शिखरावर स्वस्त दिसतो आणि तळाशी महाग, कारण तळाशी भागायला कमाईच उरत नाही. याच न्यायाने २०२५ च्या एप्रिलमध्ये हे गुणोत्तर काढताच येत नव्हते. मात्र देणी वजा जाता कंपनीच्या मालमत्तेचे पुस्तकी मूल्य शेअरमागे ४० डॉलरच्या वर होते आणि कर्ज तेव्हाही नव्हते. तापाने उतरलेल्या मुलाचे कातडे सैल पडले होते, पण हाडे शाबूत होती. त्यानंतर भाव सावरला त्याचे एक कारण हेही असावे, असे माझे मत आहे.

आणखी एक हिशेब बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. १५० चे २२ होणे म्हणजे शेकडा ८५ ची घट. ती भरून निघायला शेकडा ८५ ची वाढ पुरत नाही. जवळजवळ सातपट व्हावे लागते.

'दहा वर्षे पाहू नकोस' हा माझा दुसरा सल्ला, आणि तोही आपण सारेच सर्रास देतो. दीर्घकाळ धरून ठेवले की शेअर वाढतोच, ही समजूत आपल्या मनात रुजली ती जगलेल्या कंपन्या पाहून. पाठपुराव्याच्या ओपीडीत बसून 'आमची सगळी मुले उत्तम आहेत' म्हणण्यातला हा प्रकार आहे. जी आली नाहीत त्यांचे काय? याच क्षेत्रातील उदाहरणे घेऊ. कोलमन ही कंदील, स्टोव्ह आणि तंबूंची अमेरिकेतील घरोघरी ठाऊक असलेली कंपनी. ती १९९८ मध्ये सनबीमच्या ताब्यात गेली आणि सनबीमने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. नाव आजही दुकानात दिसते, भागधारकांचे मात्र गेले. गिर्यारोहणाची साधने बनवणारी श्विनार्ड इक्विपमेंट अपघातांच्या दाव्यांमुळे १९८९ मध्ये दिवाळखोरीत गेली. कर्मचाऱ्यांनी ती घेऊन ब्लॅक डायमंड उभी केली. याउलट कोलंबिया स्पोर्ट्सवेअर १९९८ मध्ये १८ डॉलरला बाजारात आली आणि पुढच्या विभाजनांचा हिशेब करता तो भाव सहा डॉलर होतो. २०२४ च्या अखेरीस ती ८० डॉलरच्या वर होती, म्हणजे लाभांश सोडूनही दरसाल दहाच्या आसपास. पण ती मुख्यत्वे कपडे विकते, आणि कपडे विटतात, मुलांना आखूड होतात. २०२५ मध्ये तिचीही बरीच घसरण झाली.

हेंड्रिक बेसेम्बाइंडर या प्राध्यापकांनी १९२६ ते २०१६ या काळातील अमेरिकेतील सुमारे सव्वीस हजार शेअरांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या निष्कर्षानुसार सातपैकी चार शेअरांनी आपल्या साऱ्या आयुष्यात सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांइतकेही दिले नाही. बाजाराने रोख्यांहून अधिक जी काही संपत्ती निर्माण केली ती शेकडा चार कंपन्यांची कमाई. निर्देशांक वाढतो तो या चार टक्क्यांच्या जोरावर. 'बाजार दीर्घकाळात वाढतो' हे वाक्य खरे आहे, पण त्यावरून 'हा शेअर दीर्घकाळात वाढेल' असे निघत नाही. लोकसंख्येची सरासरी समोर बसलेल्या रुग्णाला लावू नये, हे आपण रोज सांगतो.

आपल्या मंडळातील अनेकांची मुले परदेशी आहेत आणि रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेखाली आता येथूनही वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणून रुपयाचाही हिशेब सांगतो. २००५ मध्ये डॉलर सुमारे ४४ रुपयांना होता, २०२५ च्या एप्रिलमध्ये ८६ च्या आसपास. त्यामुळे डॉलरमध्ये शून्य मिळालेल्या भारतीयाला रुपयांत दुप्पट झालेले दिसले असते आणि तो कदाचित खूषही झाला असता. परंतु शेकडा सातच्या मुदतठेवीने वीस वर्षांत रक्कम जवळजवळ चौपट होते. वडिलांचे पोस्ट येथे सहज पुढे गेले असते. शिवाय अमेरिकन कंपनीच्या लाभांशातून शेकडा २५ कर तेथेच कापला जातो, आणि तेथे न राहणाऱ्या परकीयाच्या मृत्यूसमयी त्याच्या नावावरील तेथील शेअर साठ हजार डॉलरपेक्षा अधिक किमतीचे असतील तर त्यावर तेथील वारसाकर लागू होऊ शकतो. साठी जवळ आलेल्या माझ्यासारख्यांनी ही शेवटची बाब आपल्या सनदी लेखापालाला जरूर विचारावी.

पुतण्याने शेअर विकले नाहीत. "काका, तुम्हीच दहा वर्षे म्हणालात, अजून पाच व्हायची आहेत," असे तो हसत म्हणतो. त्याच्या हसण्याने मला अधिकच ओशाळल्यासारखे होते. वहिनींनी मात्र त्यानंतर माझ्याकडे केवळ औषधांविषयीच विचारावयाचे असे ठरविलेले दिसते. गेल्या उन्हाळ्यात त्याने सरोवरावरचे छायाचित्र पाठविले. होडीच्या टोकाला तीच जुनी काळी मोटर होती. "नवी कधी घेणार?" मी विचारले. "कशाला? ही अजून दहा वर्षे सहज चालेल."